लोहाऱ्याला न पोचलेली जीप

मु. हिवरदरी, ता. महागाव
२० एप्रिल २००५

प्रिय अय्याज,

सलाम. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. पऱ्हाटी उपटून झाली, नांगरट झाली, आता पावसापर्यंत कापूसवाल्याला काम नाही. बाबा ओट्यावर बसून माझ्याकडे पाहतात आणि मी रस्त्याकडे पाहतो. रस्त्यावर पाहण्यासारखं काही येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

महागावला गेलो की तुमच्या गॅरेजवर चक्कर मारतो. नासिरचाचा मजेत आहेत. त्यांची जीप चालते कमी आणि उघडून ठेवलेली असते जास्त, पण त्यांच्यासमोर असं म्हणायची सोय नाही. चाचींनी तुझ्यासाठी लोणचं घालून ठेवलं आहे. ते सौदीला पाठवायचं कसं, हे मला दर वेळी विचारतात. जसा काही मी पोस्टमास्तर आहे.

आता बातमी. मामांनी माझ्यासाठी आणखी एक मुलगी शोधली आहे. हसू नकोस. मागे पुसदला गेलो होतो तिथे मुलीच्या आईनं विचारलं, "कापूस सोडून काय करता?" मी म्हणालो, "तूर." मला वाटलं ती हसेल. तिनं पोह्यांच्या बशा उचलायला घेतल्या. त्या माउलीचा तरी काय दोष? पेपरात रोज आपल्या जिल्ह्याचं नाव येतं, आणि ते ज्या कारणासाठी येतं ते वाचल्यावर कापसाच्या घरात मुलगी कोण देईल? गावात माझ्या वयाची निम्मी पोरं अशीच आहेत. संध्याकाळी पारावर बसून क्रिकेटवर बोलतात, आणि एखादी वरात आली की एकेक जण उठून घरी जातो.

या मुलीचं नाव जया. बारावी झालेली. वडील मारोतराव वानखडे, आर्णीच्या अलीकडे वाघझरी म्हणून गाव आहे तिथले. ते स्वतः कापूसवालेच, पण जावई कापूसवाला नको. मुलीचा फोटो आला आहे. फोटोत ती फोटोग्राफरवर वैतागलेली दिसते. तेवढ्यावरूनच मला ती आवडली.

पण खरी गंमत पुढे आहे. मामांनी मारोतरावांना सांगून टाकलंय की मुलगा यवतमाळला, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कंपनीत स्टोअरकीपर आहे. मी विचारलं, "कोणत्या कंपनीत?" मामा म्हणाले, "ते ठरवू ना मंग. आधी पोरगी तं पाहू." बाबांना हे काही ठाऊक नाही. पंधरा मेच्या रविवारी चाचांची जीप घेऊन जायचं ठरलं आहे. जावं की न जावं, ते कळत नाही.

तुझ्याजवळ म्हणून सांगतो. मला लग्न करायचं आहे. घरात आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही माझ्याशी बोलतात, आणि मी कुणाशी बोलावं हे मला समजत नाही. तू होतास तोपर्यंत हा प्रश्न नव्हता.

तुझा
अंकुर

दम्माम
४ मे २००५

अंकुर, यार,

जावं की न जावं काय विचारतोस? जा. नाही गेलास तर मी इथून येऊन तुला जीपच्या टपावर बांधून नेईन.

आणि मामांवर चिडू नकोस. तू हरिश्चंद्राचा नातू असल्यासारखा वागतोस, म्हणून बशा उचलल्या जातात. तुला एक सांगतो, अब्बांना कळू देऊ नकोस. मी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे असं सगळ्या महागावला माहीत आहे ना? मी बसेस धुतो. पाइप घेऊन. अब्बांच्या हाताखाली एवढं शिकलो आणि इथे मला पान्हा धरू देत नाहीत. पण आज ना उद्या देतील, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं. तूही आज ना उद्या कुठेतरी लागशीलच. मग ते खोटं कसं?

खोलीत आम्ही पुष्कळ जण आहोत. केरळचे, बिहारचे, एक नेपाळी. माणसं चांगली आहेत, पण मराठी कुणालाच येत नाही. कधी कधी न्हाणीत दार लावून मी स्वतःलाच "काहून बे" म्हणतो, फक्त कानावर पडावं म्हणून. शुक्रवारी घरी फोन करतो, तर अब्बा "खाना खाया? ठीक है" म्हणून फोन अम्मीला देतात आणि अम्मी रडते. म्हणजे बोलणं असं तुझ्या पत्रातच होतं.

सुट्टीचं म्हणशील तर पासपोर्ट शेठच्या कपाटात आहे. करार पुरा होईपर्यंत निघता येत नाही, आणि मध्येच निघालो तर परत दार बंद. बहिणीचा, फिजाचा निकाह या नोकरीवरच ठरला आहे. तेव्हा तुझं लग्न जमलं तर तारीख जरा लांबची काढ.

तुझ्यासाठी मी माझ्याकडून एक काम करून टाकलं आहे. आत्ता सांगत नाही, तू रागावशील. लग्नाच्या पंगतीत सांगेन, मग बुंदी माझ्या अंगावर फेक.

काका-काकूंना सलाम.

तुझा
अय्याज

मु. हिवरदरी
१७ मे २००५

प्रिय अय्याज,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. रविवारचं सगळं सांगतो. लांबलचक होईल, सावकाश वाच.

पहाटे निघालो. चाचांनी जीप धुतली होती, बाबांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि मामा पुढच्या सीटवर बसून आपण मंत्री असल्यासारखे हात दाखवत होते. बेत साधा होता. ऊन चढायच्या आत वाघझरीला पोचायचं, मुलगी पाहायची, पोहे खायचे आणि दुपारच्या आत घरी.

वाघझरीला घराला कुलूप. शेजारणीनं निरोप दिला. मारोतरावांचे साडू यवतमाळला आजारी पडले, म्हणून ते कालच मुलीला घेऊन तिकडे गेले. पाहुण्यांनी तिकडेच यावं. "अन् म्हने पोराची कंपनी लोहाऱ्यालेच हाय, तं तेबी पाहून होईन."

बाबांनी विचारलं, "कोनती कंपनी?"

मामा म्हणाले, "गाडीत बसा, सांगतो."

आर्णी येईपर्यंत मामा सांगत होते आणि बाबा ऐकत होते. आर्णीला बाबांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरले आणि म्हणाले, "वापस चला." मामांनी हात जोडले. "भाऊजी, आज रविवार हाय. कंपन्या बंद राह्यतीन. एखादं गेट दाखवू, वॉचमनले रामराम करू अन् निंगू."

"माह्या पोराचं लगन गेट दाखवून कराचं?"

असं म्हणाले खरे. पण चहा संपल्यावर ते माझ्याकडे न पाहता परत जीपमध्ये जाऊन बसले. अय्याज, मला त्यांचा फार राग आला आणि फार वाईट वाटलं. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस माझ्यासाठी एका बंद गेटासमोर उभा राहायला तयार झाला होता.

यवतमाळला साडूंच्या घरासमोर मारोतराव उभेच होते. उंच, काळेसावळे, बोलणं मोजकं. म्हणाले, आधी कंपनी पाहू, मग चहापाणी. आणि जयालाही सोबत घेतलं. "नोकरी तिच्या कामाची हाय, तिनंबी पाहावी." ती मागच्या बाकावर बाबांच्या शेजारी, माझ्या समोर बसली. फोटोतल्यासारखीच वैतागलेली होती. जीप निघाल्यावर मारोतरावच बोलले.

"थोरलीच्या वेळी आम्ही काई पाहलं नाई. पोरगा राजूरले खाणीत पर्मनंट हाय, असं त्याच्या दोस्तानं पत्र लेहलं. मोत्यासारखं अक्षर. आम्ही पत्रावर भरोसा ठेवला. दोस्त खरा होता, पत्र खरं होतं, नोकरीच नवती. पोरगी आता घरी हाय. तवापासून मी ठरवलं, गेट पाहाचं अन् गेटाच्या आतबी पाहाचं."

मामांच्या हाताचं दाखवणं बंद झालं. मला घाम फुटला. लोहारा आता जवळ आलं होतं, कारखान्यांचे पत्रे दिसायला लागले होते. तेवढ्यात चाचांनी एका निंबाखाली जीप बाजूला घेतली. "गाडी गरम झाली," म्हणाले.

मी खाली उतरून बॉनेट उघडलं. रेडिएटर थंडगार. मी चाचांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "गाडी नाई, तू गरम झालास. आरशात दिसून राह्यलं मले. बोलाचं असन तं आता बोल बेटा, पुढं गेट हाय."

मारोतराव सावलीत कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी पीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "काका, मी कोनत्याच कंपनीत नाई. वावर करतो. कापूस, तूर. दुसरं काई येत नाई मले."

त्यांनी विचारलं, "हे पहिलेच काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही आलेच नसते."

"हाव. नसतोच आलो." त्यांनी छागलीचं बूच लावलं. "मंग लोहाऱ्याले कायले जाता? वावर दाखवा."

मामा ओरडले, "आता? महागावले? या उन्हात?" पण चाचांनी जीप वळवलीसुद्धा होती.

म्हणून पुन्हा तोच रस्ता. उन्हाच्या झळा अशा की सगळ्यांनी तोंडं दुपट्ट्यांत गुंडाळून घेतली. वाटेत बाबांनी टरबूज घेतलं. जया फोडी वाटत होती. माझ्या हातात फोड देताना गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तुमच्या कंपनीत बिया थुंकाची परवानगी हाय का?" मारोतरावांना ठसका लागला. बाबा हसले. मामासुद्धा हसले, आणि मी तोंडातली बी गिळली.

वावरात तर आता काय आहे? भेगा पडलेली काळी माती आणि धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी. एवढ्या लांबून माणसं आणून त्यांना काहीच नसलेलं दाखवायचं, याची मला लाज वाटत होती. मारोतराव मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं, विहिरीत वाकून पाहिलं. जया बाभळीच्या सावलीत उभी होती. मी म्हणालो, इथे पाहण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "आमच्याबी वावरात मे महिन्यात हेच राह्यते." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही बोलले नसते तं मी नोकरी पाहून हो म्हटलं असतं. अन् मंग जनमभर तुमच्यावर खार खाल्ला असता."

तिथून घरी. लग्नाआधी मुलगी मुलाच्या घरी आलेली आपल्याकडे कुणी पाहिली आहे का? आईची नुसती धांदल. ओटी भरावी तर अजून सून नाही, न भरावी तर आलेली लेक रिकामी जाते. ती सुपात तांदूळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. शेवटी जयानंच पुढे होऊन पदर पसरला. आईला रडू आलं, आणि मग आंब्याचा रस झाला, कुरड्या झाल्या.

निघताना मारोतराव बाबांना म्हणाले, "जेठ लागला का कुंकू लावू. पन पुंडलिकराव, एक ध्यानात ठेवजा. गरिबी मले चालते, खोटं चालत नाई."

चाचा त्यांना सोडायला परत यवतमाळला गेले. त्या दिवशी जीप त्या रस्त्यानं इतक्यांदा गेली की आर्णीच्या चहावाल्यानं त्यांना विचारलं, काही हरवलं आहे का.

मला फार आनंद झाला आहे, अय्याज. रात्री जेवताना आई-बाबा एकमेकांशी बोलत होते. हे सांगायला इथे कुणी नाही, म्हणून तुला सांगतो आहे. लवकर लिही.

तुझा
अंकुर

दम्माम
३१ मे २००५

अंकुर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एवढा हसलो की नेपाळी उठून बसला. त्याला टरबुजाचं हिंदीतून समजावून सांगितलं, तोही हसला. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि थोरल्या मुलीच्या गोष्टीपाशी माझं हसू थांबलं.

मी काय केलं ते पंगतीत सांगणार होतो. आत्ताच सांगतो. चार तारखेला तुला पत्र टाकलं, त्याच दिवशी दुसरं पत्र मी मारोतरावांना टाकलं होतं. पत्ता तुझ्याच पत्रात होता, गाव आणि नाव. त्यात मी लिहिलं की मी अंकुरचा लहानपणचा मित्र, तो लोहाऱ्याला स्टोअर सांभाळतो, मालकाचा त्याच्यावर फार विश्वास आहे. असंच आणखी काय काय. मला वाटलं, तुम्ही जाण्याआधी ते पोचेल आणि मामांच्या बोलण्याला बळ येईल. तू तिथे जाऊन खरं बोलशील हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. शाळेत काच फुटली तेव्हा कुणी विचारायच्या आत तू उभा राहिला होतास.

मारोतरावांना पत्र मिळालं का? कधी मिळालं? त्यानं काही बिघडलं तर नाही ना? तीन दिवस झाले, डोक्यात दुसरं काही येत नाही. पाइप हातात धरून उभा राहतो आणि बस तशीच राहते, मुकादम ओरडतो. घरापासून एवढ्या लांब येऊन कुणाच्या काही कामाला आलो असं मला त्या पत्रामुळे वाटलं होतं, यार.

मी शेठकडे गेलो होतो. पासपोर्ट मागितला. तो म्हणाला, जायचं तर जा, पण मग परत यायचं नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तू नुसतं "ये" एवढं लिही. मी येतो आणि मारोतरावांच्या दारात बसून सांगतो की ही अक्कल माझी, याची नाही. फिजाचं काय करायचं ते नंतर पाहू.

जे असेल ते खरं लिही.

अय्याज

मु. वाघझरी
६ जून २००५

श्री. अंकुर यांस नमस्कार.

परवा तुम्ही कुंकवाचं विचारायला येऊन गेलात. बाबांनी तुम्हाला पाणी दिलं आणि "योग नाही" म्हणून सांगितलं. तुम्ही कारण विचारलंत, ते त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही ओसरीवरून उठून रस्त्याला लागलात तेव्हा मी दाराआड होते. कारण न कळता तुम्ही कायमचं स्वतःलाच दोष देत बसाल असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे. घरात कुणाला विचारलेलं नाही.

मेच्या शेवटी आमच्याकडे तुमच्या सौदीच्या मित्राचं पत्र आलं. त्यात तुम्ही लोहाऱ्याला कंपनीत आहात, त्यांनी तुम्हाला चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरताना पाहिलं आहे, असं सगळं होतं. बाबांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. ताई चुलीपाशी होती. ती बाहेर आली, बाबांच्या हातातून पत्र घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "माह्या वेळीबी असंच आलतं." एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी बाबांना तारीख दाखवली. म्हटलं, हे आपण भेटण्याच्या आधीचं आहे, त्यांनी नंतर खरं सांगितलं ना. बाबा म्हणाले, "म्हंजे पहिलेपासूनच जमवलेलं होतं. अर्ध्या रस्त्यात हिंमत झाली नाई म्हनून खरं बोलला." मी पुष्कळ सांगून पाहिलं. पण ताई घरात आहे. तिच्यासमोर मी किती हट्ट करू? तिचा संसार अशाच पत्रानं झाला आणि अशाच पत्रानं मोडला. माझं लग्न झालं असतं तर ती रोज माझ्याकडे पाहून घाबरत राहिली असती.

मला माहीत आहे की तुम्ही ते लिहायला लावलं नाही. लिहायला लावणारा माणूस निंबाखाली उतरला नसता. तुमच्या मित्राचाही मला राग येत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "आमच्या तालुक्यात याच्याइतका सच्चा माणूस सापडणार नाही." तेवढं त्यांनी खरं लिहिलं.

बाबा पत्र चुलीत टाकत होते, ते मी मागून घेतलं. सोबत पाठवते आहे. मित्राला कळवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आता इकडे येऊ नका. आलात तर मला ओसरीवर येता येणार नाही, आणि आत बसून राहणं मला जड जातं.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

जया

मु. हिवरदरी
२० जून २००५

प्रिय अय्याज,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, पेरणीची गडबड होती. यंदाही कापूसच. बाबांना म्हणालो, थोडं सोयाबीन वाढवू, तर म्हणाले, वाढव. आता ते माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाहीत.

आधी तुझ्या काळजीचं. वेड्या, कशाला एवढा जीव काढतोस? तुझं पत्र मारोतरावांना मिळालंच नाही. त्यांचं गाव रस्ता सोडून आत आहे, तिथे आपल्याच तालुक्यातलं पत्र पोचताना मारामार, तर परदेशातलं कुठून पोचणार? आणि तू पत्त्यावर गाव आणि नाव एवढंच लिहिलं असशील. ते कुठल्यातरी पोस्टात पडलं असेल नाहीतर हरवलं असेल. बरंच झालं.

पण लग्न जमलं नाही. कारण नेहमीचंच. त्यांना यवतमाळला एक नोकरीवाला मिळाला. सरकारी आहे म्हणतात. मारोतराव स्वतःच सांगायला आले होते, फार ओशाळले होते बिचारे. जयाही हो म्हणाली. तिची काही चूक नाही. नोकरी समोर आल्यावर कापसाला कोण हो म्हणेल? तू म्हणत होतास तेच बरोबर होतं. मी गप्प बसून त्या गेटापर्यंत जायला हवं होतं. पुढच्या वेळी जाईन.

आई सारखी विचारते, काय कमी होतं आपल्यात? मामा आता नागपूरकडची एक मुलगी सांगत आहेत. बाबा जीप ठरवा म्हणाले. मी म्हणालो, पेरणी होऊ द्या.

चाचांना मी तुझ्याबद्दल काही बोललो नाही. परवा गॅरेजवर एक मोठं इंजिन खोलून बसले होते. मला म्हणाले, "अय्याज तिकडे अशीच मोठी इंजिनं उघडत असन." मी म्हणालो, "याहून मोठी, चाचा." ते खूश झाले. फिजाचे कपडे घ्यायला चाची यवतमाळला जाऊन आल्या. मला सगळे उघडून दाखवले, हिरवा रंग जास्त आहे.

तेव्हा शेठकडून पासपोर्ट मागू नकोस. मागितला असशील तर जा आणि माफी माग. तू इथे येऊन काय करणार? माफी मागायला तू काही केलेलंच नाही. तू बस धू, नेपाळ्याला टरबुजाचा किस्सा पुन्हा सांग, आणि मला लवकर लिही. शेवटचं पुन्हा सांगतो, म्हणजे तुला झोप लागेल. ते पत्र त्यांच्याकडे पोचलं नाही. मी मारोतरावांना समोर बसवून विचारलं, आणि त्यांच्याच तोंडून ऐकून तुला सांगतो आहे.

तुझा
अंकुर